पर्वती-तळजाई परिसरातल्या रहिवाशांसाठी: चालणं, पोहणं, खेळणं आणि आपल्या बागा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी सकाळी आम्ही काहीजण पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायथ्याशी जमतो. नवीन कोणी आलं की पहिल्या दहा मिनिटांत जे प्रश्न निघतात, ते गेली काही वर्षं जवळजवळ तेच आहेत. म्हणून ते एका जागी लिहून ठेवले. आम्ही कोणी डॉक्टर नाही, महापालिकेचे कर्मचारीही नाही. पर्वती, सहकारनगर, धनकवडी, दत्तवाडी, सिंहगड रस्ता या पट्ट्यात राहणारी, इथल्या बागा आणि टेकड्या रोज वापरणारी साधी माणसं आहोत. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

मुळात किती हालचाल लागते? रोज तासभर जमणार नाही हो.

रोज तासभर कोणी मागतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे सांगितलं ते असं: मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण पडेल असं काहीतरी. १५० मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. सारसबागेला आरामात दोन-तीन फेऱ्या मारल्या की तेवढा वेळ जातो.

‘मध्यम’ म्हणजे काय, हे ओळखायची सोपी खूण आहे. चालताना शेजारणीशी बोलता येतं, पण गाणं म्हणायला गेलं तर दम लागतो, ती मध्यम चाल. बोलणंही तुटक व्हायला लागलं की जोरकस. घड्याळ, पट्टा, ॲप यांतलं काही नसलं तरी एवढं कळतं.

पूर्वी सांगायचे की सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची. ती अट आता काढून टाकली आहे. भाजीला पायी गेलात, पीएमपीची बस एक थांबा आधी सोडलीत, चौथा मजला जिन्याने चढलात, सगळं जमेस धरलं जातं.

हे सगळं एवढं आवर्जून का सांगतोय? कारण त्याच संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढीसुद्धा हालचाल करत नव्हते. २००० साली हे प्रमाण साधारण २२ टक्के होतं. बायकांमध्ये ते ५७ टक्के आणि पुरुषांमध्ये ४२ टक्के निघालं. हा फरक आम्हाला फार खुपतो, आणि खालची बरीच उत्तरं त्याच्याभोवती फिरतात.

दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का?

नाही. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्रामुळे रूढ झाला. त्या यंत्राचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’ अशा अर्थाचं होतं. कालपर्यंत दोन हजार चालत असाल तर आज तीन हजार चाला. मोबाईलमधला आकडा अपुरा राहिला म्हणून वाईट वाटून घेऊन दुसऱ्या दिवशी घरी बसलेली माणसं आम्ही पाहिली आहेत.

मी पहाटे पाचपासून घरात राबते. तेवढं पुरत नाही का?

हा प्रश्न बायका जरा चिडूनच विचारतात, आणि त्यांची चीड रास्त आहे. घरकामाने शरीर हलतं, यात वाद नाही. बादल्या उचलणं, फरशी पुसणं, गाद्या घालणं, जिना चढउतार करणं ही हालचालच आहे आणि ती धरायचीच. पण बहुतेक घरकाम तुकड्यातुकड्यांचं असतं. ओट्याशी दीड तास उभं राहिल्याने पाय सुजतात, दम मात्र वाढत नाही. कंबर वाकते, छाती उघडत नाही. पोळ्या लाटून खांदे आखडतात, आणि ते मोकळे करायची वेळ कधी येतच नाही.

आमच्या गटात एक काकू आहेत, वय बासष्ट. पहिल्या दिवशी आल्या तेव्हा काठापदराच्या साडीवर मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट, फीत दोनदा गुंडाळून बांधलेली. पर्वतीच्या पंचविसाव्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘चाळीस वर्षांत घरातून काही कामाशिवाय बाहेर पडले असेन तर शपथ.’ दम खाऊन झाल्यावर तिथूनच खाली उतरल्या. पुढच्या शनिवारी परत आल्या. आता वरपर्यंत जातात आणि देवदेवेश्वराला नमस्कार करून आमच्याआधी खाली येऊन उभ्या असतात.

तेव्हा घरकाम धरा, पण त्यावर तुमचा स्वतःचा असा अर्धा तास मागून घ्या. घरच्यांना सांगा की या अर्ध्या तासात दार वाजलं तर त्यांनीच उघडायचं.

आपल्या भागात जायचं तरी कुठे?

आपल्यासारखी चैन पुण्यात थोड्याच भागांना आहे.

पर्वती: पायऱ्या १०३. रुंद आणि उथळ आहेत, मध्ये थांबायला भरपूर जागा आहे. त्यामुळे नवख्याला मोजमाप करायला याहून चांगली जागा नाही. आज कितव्या पायरीला थांबलो हे लक्षात ठेवायचं. देवळाच्या आवारातून सगळं शहर दिसतं. पहाटे अंधारात पेठांकडचे दिवे एकेक विझत जाताना बघायला आम्ही मुद्दाम थांबतो.

तळजाई: वन खात्याच्या ताब्यातलं पाचगाव-पर्वतीचं वनउद्यान. मातीची वाट, झाडी आणि मोर. मोर नुसतेच ओरडतात असं नाही, नशीब असेल तर वाटेत आडवेही येतात. पायांना डांबरापेक्षा ही माती फार बरी. प्रवेशाच्या वेळा दारावरच्या पाटीवर असतात, त्या पाळा. कुत्री, प्लॅस्टिक आणि मोठ्याने लावलेली गाणी घरी ठेवा.

सारसबाग: सपाट, उजेड असलेली, माणसांनी भरलेली. गुडघे कुरकुरत असतील किंवा एकट्याने जायची भीती वाटत असेल तर इथून सुरुवात करा. तळ्यातल्या गणपतीला येणाऱ्यांची गर्दी चतुर्थीला फार होते, त्या दिवशी वेगळी वाट धरा.

सणस मैदान: सारसबागेजवळच. धावपटूंसाठी आखलेली धावपट्टी आहे. तिथे आतल्या लेनमध्ये रमतगमत चालू नका, मागून धावत येणाऱ्या मुलांची लय मोडते. बाहेरच्या लेन चालणाऱ्यांच्या.

पु. ल. देशपांडे उद्यान: सिंहगड रस्त्यावरचं, जपानी पद्धतीचं. व्यायामापेक्षा मन शांत करायला आम्ही तिथे जातो. पण वाकड्यातिकड्या वाटांवरून आरामात चालण्यातही बराच वेळ निघतो.

जरा सराव झाला की वेताळ टेकडी आहे, शहरातली सगळ्यात उंच जागा. हनुमान टेकडी आहे. आणि रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्यांची तर वेगळीच दुनिया आहे. तिथे मात्र पहिल्याच महिन्यात जाऊ नका. चढणं जमतं, उतरताना मांड्या थरथरतात आणि पाय सटकतो.

मी दुपारी बारा ते चार मोकळी असते. तेव्हा बागच बंद असते. काय करू?

ही तक्रार खरी आहे आणि आम्ही ती वारंवार मांडली आहे. बऱ्याच बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या आणि दुपारी कुलूपबंद असतात. सकाळी सहा ते आठ ही वेळ ज्यांच्या हातात डबा, शाळेची बस आणि नळाचं पाणी नाही त्यांची. संध्याकाळी सहा ते आठ पुन्हा स्वयंपाक. मोकळा वेळ मिळतो तो नेमका कुलपाच्या तासांत. बागांच्या वेळा ठरवताना कोणाचा दिवस डोळ्यांसमोर होता, हा प्रश्न विचारायलाच हवा.

तोवर दोन उपाय. थंडीत आणि पावसाळ्यात दुपारची वेळ सोसायटीच्या आवारात किंवा पार्किंगमध्ये वापरा. चारचाकी ऑफिसला गेलेल्या असतात, बरीच जागा मोकळी मिळते. उन्हाळ्यात दुपारी बाहेर चालू नका, घरातच हातपाय हलवा. आणि आपापल्या बागेसाठी ‘निदान आठवड्यातून दोन दिवस दुपारी उघडी ठेवा’ अशी लेखी मागणी करा. ती कुठे द्यायची, ते खाली सांगितलं आहे.

बागेतल्या ओपन जिमचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण सगळ्या यंत्रांचा सारखा होत नाही. पाय पुढेमागे झुलवायचं यंत्र सगळ्यांना आवडतं, त्यावर गप्पाही रंगतात. त्याने सांधे मोकळे होतात, ताकद फारशी वाढत नाही. ताकदीसाठी बसून वजन ओढायचं किंवा पायाने ढकलायचं यंत्र बघा. सावकाश दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा वेळा. झटका देऊन करू नका.

बसण्याआधी एकदा हाताने हलवून बघा. बोल्ट सैल असतात, खालचं रबर निघालेलं असतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या हाताखालचा दांडा सुटला आणि मनगट मुरगळलं, तेव्हापासून ही सवय लागली. लहान मुलांना या यंत्रांवर खेळू देऊ नका. सांध्यांत बोटं चिमटतात.

आणि एक गोष्ट यंत्राशिवायची. बाकावरून हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं. दहा वेळा. साठीच्या पुढच्यांना यासारखा व्यायाम नाही, आणि बाक तर प्रत्येक बागेत आहे.

तालमीत अजून कोणी जातं का?

जातं. पेठांमध्ये चिंचेची तालीम, जगोबादादा तालीम, गोकुळ वस्ताद तालीम अशा जुन्या तालमींची नावं अजून घेतली जातात. तिथला व्यायाम म्हणजे जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल आणि तांबड्या मातीचा हौदा. मुलगा शिकायला जाणार असेल तर आधी तुम्ही जा, वस्तादांशी बोला, शिस्त कशी आहे ते बघा. वीस मिनिटं कोपऱ्यात बसून बघितलं की सगळं कळतं.

टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवलं, हे आपण लहानपणी ऐकलेलं असतं. त्यानंतर १९२४ साली शिवरामपंत दामल्यांनी ‘महाराष्ट्रीय मंडळ’ ही व्यायामाची संस्था काढली ती याच शहरात. मल्लखांबाची परंपरा तर बाळंभटदादा देवधरांपर्यंत मागे जाते, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या काळापर्यंत. मुलींना मल्लखांब शिकवा. दोरीच्या मल्लखांबावर दहा वर्षांची पोर वर जाऊन शांतपणे आसन लावते, तेव्हा बघणाऱ्या आईचा चेहरा आम्ही जवळून पाहिला आहे.

जिमला पैसे भरायलाच हवेत का?

मुळीच नाही. भरणार असाल तर वर्षाचे एकदम भरू नका. आमच्यातल्या तिघांनी सवलतीच्या मोहात एका जिमला वर्षाचे पैसे आगाऊ दिले आणि चौथ्या महिन्यात शटर खाली आलं. महिन्याचे भरा, आणि शिकवणारा माणूस तुमच्या गुडघ्याची, पाठीची, आजारपणाची चौकशी करतो का, एवढं बघा. चालण्यासाठी खर्च एकच: बरे बूट. अंगठ्यापुढे अर्धं बोट जागा राहील असे घ्या. दुकानात संध्याकाळी जा, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात.

पोहायला शिकायचं वय गेलं का?

अजिबात नाही. चाळिशी-पन्नाशीत शिकलेल्या बऱ्याच जणी आमच्या ओळखीत आहेत. महापालिकेचे जलतरण तलाव आहेत, संस्थांचेही आहेत. जाण्याआधी चार गोष्टी तिथेच जाऊन विचारा: शिकाऊ बॅच कधी असते, महिलांसाठी वेगळी वेळ आहे का, डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं का, आणि जीवरक्षक पूर्ण वेळ हजर असतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत मिळालं तर सरळ परत या.

सांधेदुखीला आणि जास्त वजनाला पोहण्यासारखं दुसरं काही नाही, कारण पाण्यात शरीराचा भार गुडघ्यांवर येत नाही. पोहायचं नसलं तरी उथळ भागात छातीभर पाण्यात नुसतं चालणंही चांगला व्यायाम आहे. खडकवासल्याच्या पाण्यात किंवा कालव्यात उतरू नका. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याने पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही ओढून नेलं आहे.

गुडघे दुखतात. चालू की नको?

बहुतेकांनी चालावं. झिजलेल्या गुडघ्याला विश्रांती दिली की मांडीचे स्नायू आणखी ढिले पडतात आणि दुखणं वाढतं. थोडं दुखत असताना चाललं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पहिल्याइतकंच राहिलं, तर ठीक. सूज आली, गुडघा गरम लागला, अडकायला लागला, तर आधी डॉक्टर.

चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. म्हणून पर्वती चढली आणि उतरताना जीव गेला, असं होतं. सुरुवातीला सपाट चाला. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पाच अंक मोजेपर्यंत तसाच धरायचा, खाली आणायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा, बातम्या बघताना. महिन्या-दीड महिन्यात फरक जाणवतो. मग पायऱ्या.

साखर आहे, बीपी आहे. काय जपायचं?

गोळ्या सुरू असतील तर सुरुवात करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा. इन्सुलिन किंवा साखर झपकन खाली आणणाऱ्या गोळ्या घेत असाल तर रिकाम्या पोटी लांब चालायला जाऊ नका, आणि खिशात साखरेच्या पुड्या किंवा चार-पाच गोड गोळ्या ठेवाच. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की खाली बसा आणि गोड खा. आपल्याला मधुमेह आहे हे सोबत्याला आधीच सांगून ठेवा. घरी आल्यावर तळपाय बघा. मधुमेहात छोटी जखम कळत नाही आणि चिघळते.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली घातली की साखर एकदम वर जात नाही. आजी सांगायच्या ते खरं होतं.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम: तिथेच थांबा, १०८ ला फोन लावा. ‘घरी जाऊन बघू’ म्हणू नका.

बागेबाहेर मिळणारा दुधी-कारल्याचा रस प्यावा का?

आमचं मत, नको. दुधी कधीकधी कडू निघतो, आणि त्या कडवटपणातलं द्रव्य विषारी असतं. त्याने गंभीर आजारी पडल्याच्या, दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. घरीही रस काढायचा तर आधी एक तुकडा चाखून बघा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या. कारल्याबरोबर मिसळला की कडू कशाने झालं तेच कळत नाही. पाणी प्या, घरी येऊन मुगाची उसळ खा.

बाईने एकटीने टेकडीवर जाणं सुरक्षित आहे का?

जावंसं वाटणं अगदी रास्त आहे आणि टेकडी जितकी पुरुषांची तितकीच तुमची आहे. तरीही आमचा सल्ला: पहाटेच्या अंधारात आणि दिवेलागणीनंतर तळजाई, वेताळ, हनुमान यांच्या आतल्या वाटांवर एकटीने जाऊ नका. दोघी-तिघी जा. दागिने घरी ठेवा. दोन्ही कानांत इयरफोन घालून चालू नका. घरी कोणत्या वाटेने जाणार ते सांगा. काही खटकलं तर ११२ लावा, मागाहून संकोच वाटेल म्हणून थांबू नका.

आणखी एक गोष्ट पुरुष सभासदांना सांगतो. वाट अरुंद असेल तर पुढच्या बाईच्या मागे-मागे त्याच वेगाने चालत राहू नका. एकतर थांबून अंतर सोडा किंवा ‘ताई, पुढे जातो’ म्हणून पुढे निघा. एवढ्याने तिची सकाळ निर्धास्त जाते.

पावसाळ्याचे चार महिने सगळं बंद पडतं.

पडतंच. पर्वतीच्या पायऱ्यांवर पाणी उतरतं, कडेला शेवाळ धरतं. तळजाईच्या मातीत पाय रुततो आणि गवतात साप असतात. संततधार असेल तेव्हा घरात सूर्यनमस्कार घाला. सूर्यनमस्काराचा घरोघर प्रचार केला तो आपल्या शेजारच्या सातारा भागातल्या औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी. सतरंजीएवढी जागा पुरते. सहा नमस्कारांपासून सुरू करा, दर आठवड्याला दोन वाढवा. पाठीचं दुखणं असेल तर शिकवणाऱ्याला विचारल्याशिवाय वाकू नका.

इमारतीचा जिना हा दुसरा पर्याय. कठड्याला हात धरून, दोन मजले वर, खाली, थांबा.

थंडीत पहाटे धुरकट असतं. तेव्हा चालावं का?

पुणं खोलगट भागात आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंड हवा खाली बसते आणि धूर तिच्यातच कोंडतो. त्यात पालापाचोळा जाळायची सवय. दमा असणाऱ्यांनी त्या दिवसांत सहाऐवजी साडेआठ-नऊला निघावं, ऊन आलं की हवा वर उचलली जाते. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर त्या वेळची हवा कशी आहे ते दिसतं. दिवाळीच्या चार पहाटे तर घरातच हातपाय हलवा. आणि बागेत झाडलोट करणारे दादा पाला पेटवत असतील तर भांडू नका. त्यांच्याजवळ बसून खतखड्डा कुठे करता येईल ते बोला. आमच्या बागेत हे जमलं.

मुलं मोबाईल सोडत नाहीत. त्यांचं काय?

५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर हालचाल हवी. त्याला क्लासच हवा असं नाही. खो-खोला काय लागतं? मैदान, दोन खांब आणि पोरं. या खेळाचे नियम १९१४ च्या सुमारास इथेच, डेक्कन जिमखान्यावर बसवले गेले, हे मुलांना सांगितलं की त्यांना गंमत वाटते.

मुलांना पाठवू नका, घेऊन जा. बाप मैदानाच्या कडेला मोबाईल घेऊन बसला तर पोरगंही अर्ध्या तासात शेजारी येऊन बसतं. बाप लंगडी घालायला उतरला तर शेजारच्या इमारतीतली चार पोरं आपोआप येतात.

सासरे ऐंशीचे आहेत, काठीने चालतात.

त्यांना जरूर आणा. ६५ च्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायाम करावा, कारण या वयात पडण्याची भीती सगळ्यात मोठी. भिंतीला किंवा बाकाच्या पाठीला दोन्ही हात धरून एक पाय किंचित उचलायचा, दहा अंक मोजायचे. शेजारी कोणीतरी उभं हवं. शौचालय उघडं असलेली बाग निवडा. म्हातारी माणसं बागेत येत नाहीत त्यामागे बऱ्याचदा तेवढंच कारण असतं, आणि संकोचाने ते सांगत नाहीत.

चार दिवस जातो, मग सुटतं. काय करू?

आम्हा सगळ्यांचंच सुटलेलं आहे. दोनदा, तीनदा, पाचदा. ज्यांचं टिकलं त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते: खाली कोणीतरी त्यांची वाट बघत उभं असायचं. अलार्म बंद करता येतो. गेटपाशी स्वेटर घालून उभी असलेली मैत्रीण मात्र सोडता येत नाही. तेव्हा वेळ आणि जागा ठरवण्याआधी माणूस ठरवा. नवरा-बायकोपेक्षा शेजारीपाजारी बरे, कारण नवरा-बायको एकमेकांना ‘आज राहू दे’ म्हणून सहज झोपू देतात.

लग्नसराई, पाहुणे, परीक्षा, आजारपण यांत खंड पडणारच. परत येताना जिथे सोडलं तिथून नाही, निम्म्यापासून सुरू करा.

बागेतला दिवा बंद, शौचालयाला कुलूप, यंत्र मोडलेलं. सांगायचं कोणाला?

आधी एक समजून घ्या. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बागा, उद्यानं, क्रीडांगणं हे शहराच्या कारभाराचे विषय ठरवले. पण आपल्या राज्याच्या महापालिका कायद्यात दोन याद्या आहेत, एक करायलाच हव्या अशा कामांची आणि दुसरी ऐच्छिक कामांची. सार्वजनिक बागा आणि खेळाची मैदानं दुसऱ्या यादीत येतात. म्हणजे मागणाऱ्याने मागितलं तरच हलतं. म्हणून मागा, आणि लेखी मागा.

फोटो काढा. कोणत्या बागेत, कोणत्या दारापासून किती पावलांवर, काय मोडलंय, ते एका ओळीत लिहा. महापालिकेच्या ‘पीएमसी केअर’वर तक्रार टाका आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. तेवढ्याने झालं नाही तर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. दहा जणांच्या सह्यांचा एक अर्ज एकट्याच्या दहा अर्जांपेक्षा लवकर हलतो. त्यावरही शांतता असेल तर माहितीचा अधिकार आहे: दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांत उत्तर. ‘या बागेच्या देखभालीचा ठेका कोणाकडे आहे आणि त्यात काय काय येतं’, एवढंच विचारा. आमच्या अनुभवात हा प्रश्न गेल्यावर दिवा आठवड्यात लागला.

पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय आहे. पावसाळ्याच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करत राहा. बाक, दिवे, उतार, चालायची वाट अशी छोटी कामं त्यात सुचवा. फूटपाथही सुचवा, कारण बागेपर्यंत सुखरूप पोचता आलं नाही तर बाग काय कामाची? ११ डिसेंबरला, पादचारी दिनी, २०२१ पासून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवतात. त्या दिवशी आजीला घेऊन जा. रस्त्याच्या मधोमध निवांत चालताना तिला बघा, आणि मग अर्ज लिहायला बसा.

आमच्या सोसायटीत असा गट सुरू करायचा आहे.

तिघं पुरेत. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारियांनी बागेत हास्यक्लब सुरू केला तेव्हा पाचच जण होते. वर्गणी ठेवू नका, पदाधिकारी नेमू नका, टी-शर्ट शेवटी. एक दिवस, एक वेळ, एक जागा ठरवा आणि ती तीन महिने बदलू नका. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या सोबत कोणीतरी नेहमी राहील, एवढा एकच नियम करा. घरकामाला येणाऱ्या मावशींना आणि वॉचमनच्या घरच्यांनाही बोलवा. बाग त्यांचीही आहे, आणि त्यांना आजवर कोणी विचारलेलंच नसतं.

शनिवारी नक्की कुठे आणि किती वाजता?

पर्वतीची पहिली पायरी, सकाळी सव्वासहा. आम्ही साडेसहापर्यंत थांबतो. पाऊस असेल तर सारसबागेच्या दाराशी सातला. पाण्याची बाटली आणा, चपला नकोत. उशीर झाला तर वरती या. पंचविसाव्या पायरीजवळ साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या काकू असतात. नव्या माणसासाठी त्या तिथे मुद्दाम थांबतात.